वर्दीची मूठ

"जयश्रीना नावनी बी सव्वा मूठ टाक," आबांनी फर्मावलं, आणि शोभाबाईंचा हात गव्हाच्या डब्यातच थांबला.

कानबाईच्या रोटांचे, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांचे, गहू मोजायचे ते घरातल्या पुरुषांच्या नावानं, दर पुरुषामागे सव्वा मूठ. खानदेशातून सुरतेला येताना भटू आबांनी मागे बरंच काही सोडलं, पण हा हिशेब सोडला नव्हता. कोसाडच्या या दोन खोल्यांत पुरुष दोनच, आबा आणि त्यांचा मुलगा धर्मेंद्र. त्यामुळे रोटही बेताचेच व्हायचे, आणि श्रावणातल्या या रविवारी शोभाबाई दरवर्षी देवीपुढे जरा ओशाळवाणं हसायच्या. लेकीबाळींची मूठ असते, असं कुणी ऐकलंही नव्हतं.

"पोरनी मूठ कोठे ऱ्हास का?" त्या म्हणाल्या.

"ती काय आते नुसती पोर शे? वर्दी शे तिना आंगवर. सरकार तिले जवान म्हनस."

"कानबाईले सरकारशी काय लेनंदेनं?"

"तू टाक. कानबाईनी इचारं तर माले पुढे कर."

जयश्री मोरीपाशी डोकं पुसत उभी होती. तिनं टॉवेल तोंडावर ओढून घेतला, कारण हसू आवरेना. चार वर्षांत ही तिची तिसरी सुट्टी, पण कानबाईच्या दिवसांत घरी यायची पहिलीच वेळ. मायनं एकदा आबांकडे पाहिलं, एकदा लेकीकडे, आणि गव्हात हात घातला. मूठ सुपात पडली तेव्हा "कानबाई, पोटात घाल गं माय," एवढंच पुटपुटली.

आतल्या खोलीत धर्मेंद्र दाढी करत होता. त्यानं ऐकलं, पण बोलला नाही. तो जयश्रीशी तसाही बोलत नसे. म्हणजे बोलायचा, पण आडून. "भाजी गरम आहे म्हणावं," असं बायकोला सांगायचा. "पंखा लावायचा असेल तर लावा," असं पंख्याला सांगायचा. चार वर्षांपूर्वी त्यानं शिरपूरचं स्थळ पक्कं केलं होतं, सुपारी फुटायची तेवढी राहिली होती, आणि बाईसाहेब लष्करी पोलिसांच्या भरतीत निवडल्या गेल्या. दिलेला शब्द परत घ्यायला शिरपूरला त्यालाच जावं लागलं. तिथे त्या लोकांनी त्याला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. तेव्हापासून बहीणभावात भिंत उभी राहिली ती राहिलीच, आणि चहा, साखर, निरोप सगळं त्या भिंतीवरून जायचं.

म्हणूनच काल रात्री जेवताना तो जे बोलला, त्यानं सगळ्यांचे घास थांबले होते.

"तिला म्हणावं," तो ताटाकडे बघत बायकोला, वर्षाला म्हणाला, "सोमवारी हर्षूच्या शाळेत येताना वर्दी घालून ये."

सोमवारी त्याच्या लेकीची, हर्षदाची एनसीसीची निवड होती. पोरगी नववीत. गेल्या वर्षी धावताना वळणावर पडली आणि राहिली. यंदा राहिली तर पुढे दहावी, म्हणजे विषय संपला. शाळेनं घरची माणसं बोलावली होती. धर्मेंद्रच्या मनात सरळ हिशेब होता: मुलीची आत्या लाल टोपी घालून मैदानावर उभी राहिली, की नाव काढून टाकायची कुणाची छाती होणार आहे?

जयश्रीला मात्र त्यातला हिशेब ऐकूच आला नव्हता. तिला ऐकू आलं ते इतकंच, की भावानं तिच्या वर्दीचं नाव काढलं. ज्या दिवशी ती गेली त्या दिवशी याच गल्लीतून एक पिशवी घेऊन, मान खाली घालून गेली होती, आणि समोरच्या ओट्यावरून चिंधा अण्णा मोठ्यानं म्हणाले होते, "गयी पोर हातमाईन." आपण त्याच गल्लीतून वर्दीत एकदा चालावं, ही एकच इच्छा तिनं किती वर्षं जपून ठेवली होती ते तिचं तिलाच माहीत. वर्दी पेटीत सोबत आणली होती ती तरी कशाला? रात्रीच तिनं आपल्या सुभेदार साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "बच्ची के काम के लिए पहननी है तो पहनो. ढंग से पहनना." म्हणजे तिकडूनही काही अडकाठी उरली नाही.

दळणाचा डबा घेऊन ती आणि हर्षदा चक्कीवर गेल्या. चक्कीवाल्यानं सकाळीच दगड धुऊन घेतला होता. आज फक्त रोटांचं दळण, बाकी गिऱ्हाईक उद्या. खानदेशी बायकांची रांग बाहेरपर्यंत आलेली. हर्षदा रांगेत उभी होती खरी, पण सारखी चपलेनं माती उकरत होती.

"काय गं? भीती वाटते?" जयश्रीनं विचारलं. "वळणावर आधी पाऊल आखूड टाकायचं, मग जोर. सांगितलंय ना मी."

"ते येतं मला आता." पोरीनं इकडे तिकडे पाहिलं. "फुई, तुला एक बोलू? तू रागावू नको."

आत्याला ती फुईच म्हणायची, या घरातली सगळीच पोरं म्हणत आली तशी.

"बोल."

"उद्या तू वर्दी नको ना घालू."

जयश्रीला वाटलं, चक्कीच्या आवाजात काहीतरी चुकीचं ऐकलं. "काय?"

"तू ये. तू तर येच. पण ड्रेस घालून ये, नाहीतर साडी. वर्दी नको." एकदा तोंड उघडल्यावर पोरगी थांबेना. "आमच्या वर्गात कृपाली आहे ना, गेल्या वर्षी तिचा मामा आलेला. पोलीस आहे तो. खाकी घालून, गॉगल लावून. तिचा नंबर लागला. ती पळते पण छान, मी खोटं नाही बोलत, माझ्यापेक्षा छान पळते. तरी सगळ्या तिला काय म्हणतात माहीत आहे? मामा क्वोटा. अजून म्हणतात. परेडला उभी राहिली की मागून म्हणतात. मला फुई क्वोटा नाही व्हायचं."

"आणि नंबर नाही लागला तर?"

"तर नाही लागला. पण मग माझा नाही लागला."

जयश्रीनं डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. तिला राग आला होता, आणि आपल्याला राग येतोय याचीही तिला लाज वाटत होती. चौदा वर्षांची पोर, आणि हिच्या शाळेतल्या पोरींच्या कुजबुजीपायी मी माझी वर्दी पेटीत ठेवायची? भाऊ चार वर्षांनी तोंडानं बोलला, तो शब्द माघारी धाडायचा?

"बापाला सांगितलंस हे?"

हर्षदानं मान हलवली. "पप्पांना सांगितलं तर म्हणतील, तुझ्याहून जास्त मला कळतं. आणि त्यांना केवढं चांगलं वाटतंय फुई. काल रात्री ते मम्मीला म्हणत होते, आपली जयू वर्दीत कशी दिसत असेल."

आपली जयू. हे तर आणखीच अवघड झालं.

त्यांचा नंबर आला. गहू चक्कीत पडले. शेवटी पडलेल्या गव्हांकडे बघताना जयश्रीला सकाळची आबांची वकिली आठवली. वर्दी शे तिना आंगवर. तेव्हा केवढं गोड लागलं होतं! आता तेच वाक्य खड्यासारखं दाताखाली आलं. म्हणजे वर्दी नसती तर मूठ नव्हती. एकवीस वर्षं मी या घरात जेवले, मायचे पाय दाबले, आबांच्या खोकल्यासाठी रात्री उठले, तेव्हा सुपात काही पडलं नाही. पडलं ते कपड्याच्या नावानं. आणि ही कार्टी तेच तर म्हणतेय. मला कुणाच्या कपड्याच्या नावानं मोजू नका.

"फुई, रागावलीस?"

"रागावले," जयश्री म्हणाली. "पण तुझं बरोबर आहे. डबा धर, सांडशील."

इकडे भटू आबांनी तोवर घोटाळा करून ठेवला होता. आयुष्यभर लूमवर उभं राहिलेला माणूस; कापड नीट दिसलं नाही तर त्यांचा जीव कासावीस व्हायचा. जयश्रीची पेटी उघडून त्यांनी वर्दी बाहेर काढली, "घडी मोडी गयी शे" म्हणाले, आणि स्वतः इस्त्रीवाल्याकडे घेऊन गेले. तेही सरळ रस्त्यानं नाही. ज्या ज्या दाराशी ओळखीचं माणूस दिसलं तिथे तिथे थांबत, दोन्ही हातांवर आडवी धरून. जाताना सांगितलं, येताना पुन्हा सांगितलं. उद्याच्या विसर्जनासाठी बन्सीलालचा बँड ठरला होता. त्यालाही बजावून आले की, देवी तापीत गेली की पळू नको, चार वाजता पोरीला शाळेपर्यंत वाजवत न्यायचं आहे.

संध्याकाळी जयश्री गच्चीवरून खाली आली तेव्हा ओट्यावरून चिंधा अण्णांनी हाक मारली. "काय व जयसरी, उद्या लेफ्ट-राइट ना? मी कामवर दांडी मारस, देखाले."

याच चिंधा अण्णांनी उद्या दाराशी उभं राहून बघावं म्हणून तिनं चार वर्षं वाट पाहिली होती. ती कशीबशी हसली आणि घरात शिरली.

घरात भिंतीवरच्या खिळ्याला वर्दी टांगलेली. बाहीवरची एक फित, कडक घडी, शेजारी लाल टोपी. एका कोपऱ्यात पाटावर कानबाई सजून बसलेली, नथ घालून, आणि दुसऱ्या कोपऱ्यात ही. येणाऱ्या बाया आधी देवीच्या पाया पडायच्या आणि मग वर्दीकडे वळून तोंडाला पदर लावायच्या. एका म्हातारीनं तर वर्दीलाही हळदकुंकू वाहायला हात पुढे केला. वर्षानं कसाबसा धरला.

पाव्हण्या बाया गेल्या. रोट फक्त घरच्यांनी खायचे, परक्याला त्यातला तुकडा द्यायचा नाही, म्हणून दार लोटून घेतलं. पुरणपोळी, खीर, गंगाफळाची भाजी, आणि मधे रोटांची चळत. पाच-सहा दिवे लागलेले. सगळे बसले तेव्हा जयश्रीनं ठरवलं, आत्ताच. देवीसमोर बोललेलं बरं.

"आबा, मी उद्या वर्दी घालणार नाही."

कुणालाच आधी कळलं नाही. मग माय म्हणाली, "काबरं? डाग पडना का?"

"डाग नाही पडला. मी हर्षूबरोबर जाते, पण साध्या कपड्यांत."

आबांचा चेहरा लहान मुलाच्या हातचा पतंग कटावा तसा झाला. "मी बँड ठरायेल शे."

"मला माहीत आहे आबा."

"चिंधाले सांगेल शे. गल्लीले सांगेल शे. इस्त्रीवालानी पैसा बी नही लिना, म्हने फौजीनी वर्दी शे."

धर्मेंद्रनं ताट किंचित पुढे सरकवलं. तो वर्षाकडे वळून बोलू लागला, पण आवाज जयश्रीसाठीच होता. "विचार तिला. चार वर्षं हीच वर्दी डोक्यावर घेतली ना? माझ्या शब्दापेक्षा मोठी होती ना? आणि आज माझ्या पोरीच्या कामाला लागते म्हटल्यावर ती जड झाली?"

"भाऊ, तसं नाही."

"मग कसं आहे म्हणावं."

आता जयश्रीची पंचाईत झाली. सांगावं तर पोरगी बापापुढे उघडी पडते. न सांगावं तर भिंत पुन्हा तितकीच उंच. ती हर्षदाकडे बघायचंही टाळत होती. "नियम असतात," ती म्हणाली. "सुट्टीवर असताना शोभेसाठी घालू नये."

"तुना साहेबनी तर हो म्हनेल शे," माय निरागसपणे म्हणाली. "तूच नही का सांगं, काल?"

मायपुढे कुणाचं खोटं टिकलंय? जयश्रीचे कान लाल झाले.

"भलती गुमान चढनी पोरले," आबा कुरकुरले. रागापेक्षा त्यांना वाईटच वाटलं होतं, आणि वाईट वाटलं की ते तोंडाला येईल ते बोलायचे. "वर्दी नही घालशी ना? मंग शोभा, तिनी मूठ काढी ले. वर्दीनी मूठ व्हती ती."

शोभाबाईंनी खिरीची पळी हातात तशीच धरून आबांकडे पाहिलं. सकाळी त्याच नको म्हणत होत्या, हे त्यांना आठवलं असेल, नसेलही.

"काढा ना," त्या शांतपणे म्हणाल्या. "दळाई गयं, मळाई गयं, रोट व्हयी गयात. आते ह्यामाईन तुम्हनी मूठ कोनती, धर्मेंद्रनी कोनती, नि मन्ही पोरनी कोनती, ते माले काढी दखाडा. मंग काढा."

आबांनी रोटांकडे पाहिलं. रोट मुकाट होते.

"आणि वर्दीनी मूठ नही टाकी मी," माय पुढे म्हणाली. "तुम्हीन काय बी म्हना. मी टाकी तवय मन्हा मनमा मन्ही पोरच व्हती."

जयश्रीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. हे तिला कुणीतरी म्हणायला हवं होतं, आणि ते मायनं म्हणावं असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. तिनं खाली मान घातली, आणि तेवढ्यात पलीकडून आवाज आला.

"मी नको म्हटलं फुईला."

हर्षदा उभी राहिली होती. हाताला पुरण लागलेलं, ते तिनं फ्रॉकला पुसलं. "पप्पा, फुईला ओरडू नका. तिला घालायची होती. मी नको म्हटलं. तिनं माझं नाव नाही सांगितलं."

"तू?" धर्मेंद्र म्हणाला. "तुला कळतं काय त्यातलं? तुझ्यासाठीच—"

"माझ्यासाठीच ना? मग मला नको आहे." मग ती कृपाली, तिचा मामा, त्याचा गॉगल आणि मामा क्वोटा सगळं एका दमात सांगून मोकळी झाली. शेवटी म्हणाली, "फुई भरतीला गेली तेव्हा तिच्याबरोबर कोण होतं वर्दीवालं? कोणीच नव्हतं. तरी तिचा नंबर लागला. मग माझा का नाही लागणार?"

भरतीला तिच्याबरोबर कोणीच नव्हतं, हे धर्मेंद्रला पोरीनं सांगायची गरज नव्हती. त्या कोणीच नसण्यातला पहिला तोच होता.

वर्षा एवढा वेळ बोललीच नव्हती. या घरात सुनेनं बोलायचं ते सगळे बोलून दमल्यावर, हे ती चांगलं शिकली होती. "पोरगी रोज पाच वाजता उठून पळते," ती नवऱ्याला म्हणाली. "तुमची रात्रपाळी, तुम्हाला दिसत नाही. मी खिडकीतून बघते. ती पडत नाही आता."

मग धर्मेंद्रनं चळतीतला वरचा रोट उचलला, मोडला, आणि अर्धा हर्षदाच्या ताटात ठेवला. उरलेला अर्धा हातात धरून तो क्षणभर घुटमळला. आणि मग वर्षाला नाही, मायला नाही, कुणालाच न सांगता त्यानं तो स्वतः हात लांब करून जयश्रीच्या ताटात ठेवला. बोलला मात्र काही नाही. एका दिवसात किती व्हावं माणसाकडून?

"बँडनं काय करू?" आबांनी केविलवाणं विचारलं.

"ऱ्हाऊ द्या त्याले," माय म्हणाली. "कानबाई दखी लेई."

सोमवारी सकाळी देवीला तापीवर पोचवून आले, आणि दुपारी जयश्री निळा पंजाबी ड्रेस घालून, ओढणी नीट लावून निघाली. ओट्यावर चिंधा अण्णा खरंच दांडी मारून बसले होते.

"वर्दी कोठे शे?" त्यांनी विचारलं.

"खिळ्यावर," ती म्हणाली. "आज तिची सुट्टी आहे." आणि मान वर करूनच गल्लीतून चालत गेली. चालताना तिला मौज वाटली, की चाल तीच होती, पाय तसेच पडत होते. चिंधा अण्णांना काय दिसलं ते तेच जाणोत, पण त्यांनी तोंडातला तंबाखू थुंकून टाकला आणि ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत बघत राहिले.

शाळेच्या मैदानावर ऊन होतं. पोरी एका बाजूला, घरची माणसं दुसऱ्या बाजूला लिंबाखाली. वर्षा घरी आवराआवरीला राहिली होती, त्यामुळे आता बहीणभावात बोलणं पोचवायला कुणीच नव्हतं. पंखाही नव्हता. दोघं शेजारी शेजारी उभे. पोरींची उंची मोजून झाली, कसलेसे प्रश्न विचारून झाले. धर्मेंद्रनं तीनदा घसा खाकरला.

"तहान लागली का गं?" अखेर तो म्हणाला.

जयश्रीनं त्याच्याकडे पाहिलंच नाही; पाहिलं असतं तर रडूच आलं असतं. "लागली," ती म्हणाली.

त्यानं पिशवीतली बाटली दिली. ती प्यायली, त्यानं घेतली, तोही प्यायला.

निवड घेणारे हवालदार साहेब हरयाणाकडचे असावेत. ते पालकांपाशी येऊन एकेकाची चौकशी करत होते. धर्मेंद्रपाशी थांबले.

"आप हर्षदा के?"

"पिताजी हूँ साहब. मिल में डाइंग में काम करता हूँ."

"और ये?"

"मेरी छोटी बहन."

"ये क्या करती हैं?"

भावाच्या जिभेवर काय येऊन थांबलंय ते जयश्रीला स्पष्ट दिसत होतं. कालपर्यंत ज्या शब्दाशी त्याचं वैर होतं, तो आज बाहेर पडायला धडपडत होता. एक शब्द बोलला असता तर हवालदारांची नजरच बदलली असती. त्यानं मैदानापलीकडे पोरीकडे पाहिलं. ती बुटाची नाडी बांधत होती.

"उमर में छोटी है साहब," धर्मेंद्र म्हणाला, "लेकिन हमारे घर में इसी का चलता है."

हवालदार हसले आणि पुढे गेले. जयश्रीनं हळूच त्याचं मनगट धरलं, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसं, आणि त्यानं ते सोडवून घेतलं नाही.

मग शिट्टी झाली. पोरी सुटल्या. धर्मेंद्रनं डोळेच मिटून घेतले. "सांग मला," तो म्हणाला, "वळण आलं का?"

"आलं. पाऊल आखूड टाकलं तिनं. शहाणी. आता जोर लावते. भाऊ, उघड डोळे, वळण गेलं!"

पहिली आली ती कुणी दुसरीच. हर्षदा तिच्या मागच्या घोळक्यात होती, पण दोन पायांवर होती, आणि ओरडत होती. थोड्या वेळानं मॅडम नावं वाचू लागल्या. हर्षदाचं नाव मधेच कुठेतरी आलं. धर्मेंद्र पुढचीच नावं जिवाचा कान करून ऐकत राहिला.

"भाऊ."

"थांब, वाचताहेत."

"अरे, झालं वाचून. आपलं गेलं मघाशी. लागला नंबर."

"खरं?"

"मी कशाला खोटं बोलू? काल एकदा बोलले, मायनं पकडलं."

तो हसायला लागला आणि हसता हसता शर्टाच्या बाहीनं डोळे पुसू लागला. तोवर हर्षदा धावत आली, गुडघ्यापर्यंत धूळ, वेणी सुटलेली. बापाला मिठी मारली, आणि मग आत्यापुढे उभी राहून धापा टाकत म्हणाली, "फुई, आता सांगू का?"

"काय?"

"तू कोण आहेस ते."

जयश्रीनं तिच्या कपाळावरचा घाम ओढणीनं टिपला. "आता सांग," ती म्हणाली.

पोरगी वळली आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "ए कृपाली! आ मारी फोई छे! फौजमां छे!"

घरी परतताना गल्लीच्या तोंडाशी बन्सीलालचा बँड उभा होताच. आबा सर्वांत पुढे. त्यांनी लांबूनच तिघांचे चेहरे पाहिले आणि काही न विचारता हात वर केला. ढोल सुरू झाला. धुळीनं माखलेली, शाळेच्या फ्रॉकमधली एक पोर बँडच्या मागे लेफ्ट-राइट करत चालली, आणि चिंधा अण्णा ओट्यावरून उठून उभे राहिले.

संध्याकाळी जयश्रीनं खिळ्यावरची वर्दी काढली आणि घडी घालायला बसली. हर्षदा जवळ येऊन टेकली. तिनं बाहीवरच्या फितीवरून बोट फिरवलं, मग लाल टोपी उचलून हातात फिरवली.

"फुई, एकदा घालून बघू?"

"नाही."

"एकदाच. आरशासमोर. कोणी नाही बघणार."

जयश्रीनं तिच्या हातातून टोपी घेतली, वर्दीवर ठेवली आणि पेटीचं झाकण लावलं.

"ही माझी आहे," ती म्हणाली. "तुझी तुला मिळेल."